भुयाराला तोंडं किती

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं असं कुणी विचारलं तर सांगायला जरा अवघड जातं. देवाला गेलो नाही, लेकीकडं गेलो नाही. आम्ही लांडगे बघायला गेलो.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. तुरी घरात आल्या होत्या, हरभऱ्याला घाटे धरले होते, हळदीचा पाला पिवळा पडत चालला होता. वनखात्याची जीप सकाळी सातला शाळेपुढं येणार होती. गावातल्या शेळ्यावाल्या बायकांचा एक गट आहे, त्यांनीच ते ठरवलं होतं. लांडग्यांसाठी सरकारनं राखलेला एक माळ आहे. ज्यांच्या शेळ्या लांडग्यानं धरल्या त्यांनी तिथं जाऊन लांडगा कसा राहतो, काय खातो, ते शिकून यायचं. मला ऐकून हसू आलं होतं. शेळ्या मारल्या त्यानं, अन् शाळेत बसायचं आम्ही.

"तुमी येता का?" घरचीनं विचारलं. "एक जागा हाय."

"बायकांत मी काय करू?"

"काय करू म्हंजे? बसा. बघा. मारायच्या आधी बघून तरी घ्या, काय मारून राहिलात ते."

मी हो म्हणालो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं अन् भाकरी थापायला लागली. मी हो काहून म्हणालो ते मला माहीत होतं. थोडं तिलाही माहीत असावं.

त्याचं असं होतं. आमचं गाव वारंगा फाट्याहून आत, कळमनुरीच्या अंगाला. चार एकर रान, त्यातलं एक एकर नुसता खडक अन् नाला. त्याला आम्ही पड म्हणतो. शेती माझी, शेळ्या घरचीच्या. अकरा होत्या, त्यातल्या एका महिन्याच्या आत तीन गेल्या. तिन्ही वेळा मी शेळी लांडग्याच्या तोंडातून सोडवून आणली. मेलेलीच, पण आणली. आमच्याकडं रीतच आहे तशी. जनावरानं तुमची शेळी धरली की काठी घेऊन मागं पळायचं, बोंब मारायची, त्याला हाकलायचं, अन् मेलेली शेळी खांद्यावर टाकून गावातून घरी आणायची. लांडग्यानं मारलेलं आमच्यात कुणी खात नाही. वावराच्या कडेला खड्डा करून पुरून टाकतो. पण आणायची. रिकाम्या हातानं परत आलेल्या माणसाला लोकं तोंड वर करू देत नाहीत. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, तिन्ही वेळा रिकामा आलो नाही. मारुतीच्या पारावर माझं नाव निघालं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग माझ्या चुलतभावानं लांडग्यांचं भुयार शोधून काढलं. माझ्याच पडीत, नाल्याच्या दरडीला, मोठ्या दगडाखाली. आत पिल्लं कुईकुई करत होती म्हणे. पारावर ठरलं. तोंडाशी काटक्या अन् वाळल्या मिरच्या पेटवायच्या, धूर आत लोटायचा, मग दगड-मातीनं तोंड बुजवून टाकायचं. जमीन माझी, म्हणून पहिला दगड मी ठेवायचा. मी चारचौघांत शब्द दिला. दिवस ठरला तो जीप येणार होती त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

घरचीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पिल्लांनी कोणती शेळी खाल्ली?"

"उद्या खातील."

"मंग उद्याचं उद्या बघा."

त्यावर माझं तिचं वाजलं. जीपचं विचारलं तेवढंच, त्यानंतर दोन दिवस ती भाकर पुढं सरकवायची अन् तोंड फिरवायची.

माझी अडचण वेगळीच होती. चुलतभाऊ म्हणत होता भुयाराला एकच तोंड आहे. मला ते पटत नव्हतं. घुशीच्या बिळालासुद्धा दोन वाटा असतात. आम्ही इकडं धूर करत बसायचं अन् पिल्लं तिकडून निघून जायची, असं झालं असतं तर सगळं गाव मला हसलं असतं. म्हणून मी लांडग्यांच्या शाळेत चाललो होतो. भुयाराला तोंडं किती राहतात, एवढं विचारायला.

जीपमध्ये आठ बायका अन् मी. घरची माझ्या शेजारी, मांडीवर भाकरीचं गाठोडं.

"लांडगं बघायला येवढं लांब काहून जायचं?" मागून एकीनं सुरुवात केली. "एक तर आपल्याच जीपात बसलंय."

"त्याची काय भीती न्हाई," घरची म्हणाली. "दात पडलेत त्याचे. भाकर बी दुधात भिजवून द्यावं लागते."

सगळी जीप हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. दोन दिवसांनी ती बोलली होती. माझ्याशी नाही, पण माझ्याबद्दल तरी.

दोन-अडीच तास लागले. माळ कुठला ते मी लिहीत नाही. तिथं सांगितलं होतं की जागा सांगत फिरू नका, लोकं मोबाइल घेऊन फोटो काढायला येतात अन् जनावर हैराण होतं. म्हणून.

मला वाटलं होतं पिंजरे असतील. काही नव्हतं. गुडघ्याएवढं वाळलं गवत, मधून मधून बोरी अन् हिवराची काटेरी झाडं, एक पत्र्याची शेड, एक पाण्याची टाकी. आमच्या पडीसारखंच, फक्त नजर पोहोचेल तिथवर.

"हे राखलंय?" मी म्हणालो. "ह्याच्यात राखण्यासारखं काय हाय?"

"हेच राखायचं असतं, बाबा," एक पोरगी म्हणाली. खाकी कपडे, पायात बूट, पंचवीस-सव्वीसची असेल. ती तिथली वनरक्षक होती. दिवसभर तिनंच आम्हाला सगळं दाखवलं. "इथं झाडं लावली की लांडगा जातो. त्याला उघडं रान लागतं. आपण ज्याला पड म्हणतो ना, ते त्याचं घर."

मी म्हणालो, "पड माझी हाय, तिथं त्याचं घर कसं?"

"सातबारा त्याला वाचता येत नाही," ती म्हणाली. बायका पुन्हा हसल्या. पोरगी तोंडाची तिखट होती. घरचीला तेव्हाच आवडली.

शेडमध्ये तिनं पंजाचे दोन ठसे मांडले होते, पांढऱ्या मातीत घेतलेले. एक कुत्र्याचा, एक लांडग्याचा. कोणता कोणाचा ते सांगा म्हणाली. बायकांनी उलटंच सांगितलं. मीही चुकलो. घरची पुढं झाली, वाकून बघितलं अन् बोट ठेवलं.

"हा लांडग्याचा. लांबट हाय. मधली दोन बोटं पुढं राहतात. कुत्र्याचा गोल राहते."

"आजी, कुठं शिकलात?"

"शेळ्यांमागं."

तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलेला. घरात काही वाचायचं आलं तर मी वाचायचो अन् ती ऐकायची, म्हणून मला वाटायचं माहिती सगळी माझ्याकडून तिच्याकडं जाते.

पोरगी भुयाराबद्दल सांगायला लागली तेव्हा मी संधी साधली. "बाई, भुयाराला तोंडं किती राहतात?"

"कधी एक, कधी दोन-तीन. साळिंदराचं जुनं बीळ असलं तर दुसरं तोंड असतंच. ते लहान असतं, झुडपात लपलेलं, दहा-पंधरा पावलांवर." तिनं बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. मग थांबून म्हणाली, "काहून विचारता, बाबा?"

"असंच."

घरची माझ्याकडं बघत होती. दूध नासलं का ते बघताना बघायची तशी.

मग पोरीनं प्रत्येकीला विचारलं, शेळी कशी गेली, तुम्ही काय केलं. माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं. कसा पळालो, कशी काठी फेकली, शेळी कशी सोडवली. तिन्हीच्या तिन्ही. मला वाटलं ही म्हणेल, ह्या वयात कमाल आहे.

ती म्हणाली, "पहिलीनंतर दुसरी कितव्या दिवशी गेली?"

"चौथ्या."

"अन् तिसरी?"

"त्याच्या बाद... पाच-सहा दिवसांनी असंल."

"बाबा, राग मानू नका. पहिली त्याला खाऊ दिली असती तर आठ-दहा दिवस तो बहुतेक फिरकला नसता. मी कागदावर लिहून देत नाही, पण बहुतेक. तुम्ही त्याच्या तोंडातलं काढून घेतलं अन् खड्ड्यात घातलं. घरी पिल्लं असली की त्याला परत यावंच लागतं. तुमच्या शेळ्या तीन गेल्या अन् त्याचं पोट एकदाही भरलं नाही."

मला राग आला. "मंग काय करायचं? माझी शेळी तो खाऊन राहिला अन् मी बसून बघू?"

"मेलेल्या शेळीचं तुम्ही काय करता?"

"पुरतो."

"मग?"

गावात हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या बापानं आणली, त्याच्या बापानं आणली. आणायची म्हणजे आणायची. बायकांच्याही घरच्या माणसांनी तेच केलं होतं.

घरची खालमानेनं म्हणाली, "तिसरी गाभण व्हती."

एवढंच. मला ते माहीत होतं, पण त्या पोरीपुढं तिनं ते म्हटलं तेव्हा मला पायाखालची फरशी बघावी वाटली.

दुपारी शेडमध्ये भाकरी सोडल्या. ठेचा, तिळाची चटणी, कांदा. पोरगी आमच्यात बसली. घरचीनं तिला अर्धी भाकर दिली अन् बोलता बोलता तिला एक गोष्ट सांगितली. मी बाजूला होतो, मला ऐकू येत होतं.

"माझ्या माहेरी असंच भुयार सापडलं व्हतं, माय. मी आठ-नऊ वर्षांची असंल. माझ्या बापानं अन् चुलत्यानं धूर केला. मिरच्यांचा. आमी लेकरं लांब उभं राहून खोकलत व्हतो. आतून आवाज आला, मंग आला न्हाई. तोंड बुजवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची माय आमच्या खळ्यात येऊन बसायला लागली. दिवसाढवळ्या. बाप दगड मारायचा, ती उठून पल्याड जाऊन बसायची. तीन दिवस. शेळ्या समोर व्हत्या, हात लावला न्हाई तिनं. नुसती बसायची अन् दाराकडं बघायची. मला परसाकडं जायची भीती वाटायची."

"मग?"

"मंग गेली. कुठं गेली देवाला माहीत."

आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. मीही तिच्याशी भांडलो, पण तुला एवढं काय वाटतं त्या पिल्लांचं, असं एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त तिला गप्प करत होतो.

दुपारनंतर पोरीनं आम्हाला एका गवताच्या आडोशामागं नेऊन बसवलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, पदर फडफडू द्यायचा नाही. आठ बायका तास-दीड तास गप्प बसल्या, हे मी सांगितलं तर गावात कुणी खरं मानणार नाही. लांब एक दरड होती, तिच्याखाली त्यांचं भुयार होतं. पोरीकडं दुर्बीण होती, ती आळीपाळीनं सगळ्यांकडं फिरत होती.

उन्हं कलल्यावर तो आला. मी लांडगा आजवर पळतानाच बघितला होता, त्याच्या मागं मी अन् माझी काठी. हा चालत होता. मला वाटला होता त्याहून लहान, पाय काटकुळे, अंगाचा रंग वाळल्या गवताचा. घाईत नव्हता. रोजावरून घरी निघालेला माणूस चालतो तसा चालत होता. दरडीपाशी आला तशी खालून पिल्लं निघाली. मी मोजली, चार होती. त्यांनी त्याच्या तोंडाला तोंडं लावली, अन् त्यानं मान खाली घालून पोटातलं मटण त्यांच्यापुढं ओकून टाकलं.

"शी माय," एक बाई पदराआडून म्हणाली.

घरचीच्या हातात दुर्बीण होती. ती माझ्या कानाशी आली. "बघा. लेकरांसाठी पोटात घालून आणलं त्यानं. तुमी बाजारातून येताना भजे वाटंतच खाऊन येत व्हता."

मला हसू फुटलं. पोरीनं तोंडावर बोट ठेवून डोळे मोठे केले. चौथीत मास्तर करायचे तसं.

परत येताना पोरीनं सांगितलं की लांडगा-लांडगीण जोडीनं राहतात, पिल्लं दोघं मिळून वाढवतात. हे आता मला लोकं सांगतात, मान हलवून, अन् माझी अन् त्या जनावराची गाठ घालायला बघतात. माझ्यापुढं ते बोलू नका. तो लांडगा आहे, मी माणूस आहे. माझी बायको गेली ती माझी बायको होती.

अन् त्या दिवशी लांडगा बघून माझं मन पालटलं असंही मी लिहिणार नाही. पालटलं नव्हतं. गाडीत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. दुसरं तोंड, लहान, झुडपात, दहा-पंधरा पावलांवर.

वारंगा फाट्यावर जीप चहाला थांबली. बायका एका बाजूला उभ्या राहिल्या. घरची माझ्याजवळ आली, कप दोन्ही हातांत धरून.

"सापडली का तुमची तोंडं?"

"सापडतील."

"उद्या येऊन राहिलेत का ते सगळे?"

"येणार म्हंजे येणार. शब्द दिलाय."

"पोरगी काय म्हणाली ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. तिच्या शेळ्या गेल्या न्हाईत."

"माझ्या गेल्या की. मी म्हणून राहिले ना, राहू द्या म्हणून. चैत्रापर्यंत मोठी होतील, जातील निघून. तवर मी शेळ्या तिकडं नेत न्हाई, कालव्याकडं नेते. तुमाला काय तकलीफ हाय?"

"लोकांना काय सांगू? बायकोनं न्हाई म्हणलं?"

"सांगा. त्याच्यात काय खोटं हाय?"

मी कप ठेवला. ती म्हणाली, "मंग मी बी येते उद्या. भुयारावर बसते."

"बस. येवढा पुळका असंल तर तिथंच राह्य त्यांच्यात."

तिनं चहा संपवला, कप विसळून टपरीवाल्याला दिला. तिला उष्टा कप द्यायचं जमायचं नाही, टपरीवर सुद्धा. गाडीत माझ्याच शेजारी बसली अन् झोप लागली तसं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. भांडण झालेलं असलं तरी झोपेत ती तसं करायची. घरी आल्यावर पिठलं केलं. जेवलो. ती म्हणाली, पाय दुखून राहिले. मी म्हणालो, दिवसभर बसून होतीस. ही आमची शेवटची बोलाचाली.

पहाटे ती माझ्या आधी उठली. रोजच उठायची. मी उजाडता उजाडता कुदळ अन् घमेलं काढून दारात ठेवलं. ती शेळ्यांच्या वाड्यात होती, पिळायला गेलेली. मी दात घासले, चुलीवर पाणी ठेवलं. दूध येईना. हाक मारली, ओ दिली नाही. जाऊन बघितलं तर भिंतीला टेकून बसली होती, तांब्या मांडीत, मान एका बाजूला. मला वाटलं रुसली. उद्या भुयारावर बसते म्हणाली होती, ते इथूनच सुरू केलं.

मी म्हणालो, "ऊठ, नाटकं नको करू."

हे मी म्हणालो. दुसरं काही म्हणालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. शेळ्या तिच्या अंगावरून इकडून तिकडं जात होत्या. मी जवळ जाऊन दंड धरला तेव्हा कळलं.

थोड्या वेळानं चुलतभाऊ अन् दहा-बारा माणसं आली. फावडी, काटक्या, मिरच्यांचं पोतं. पडीत जायला आली होती, अंगणातच थांबली. फावडी भिंतीला लावली अन् मग तीच माणसं तिच्या तयारीला लागली. बांबू आणले, सुतळी आणली, वसमतला लेकीला फोन केला. लेक दुपारी आली. तिसऱ्या प्रहरी ओढ्याकाठी सगळं झालं. मिरच्यांचं पोतं आमच्या ओट्यावर तसंच पडून होतं, येणारी-जाणारी माणसं शिंकत होती.

शेळ्या सकाळपासून कोंडलेल्या. ओरडून ओरडून त्यांनी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा चुलतभावाच्या बायकोनं दुपारून त्यांना सोडलं. ती बिचारी नेहमीच्या वाटेनं पडीकडंच घेऊन गेली, तिला काय माहीत. दिवस मावळताना परत आल्या तेव्हा एक कमी होती. मला कुणी सांगितलं नाही. मी स्वतःच बघितलं. तांबडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेतली.

"आबा, सुतकात कुठं निघालात?" लेक म्हणाली.

"शेळी बघून येतो."

"कालच गेली ती. आता काय बघता?"

"मंग तीच बघून येतो."

तांबडी नाल्याच्या कडेला पडली होती. मागचा भाग खाल्लेला, बाकी तशीच. मी उभा राहिलो. समोरच्या चढावर, पन्नासेक पावलांवर, तो होता. की ती, मला ओळखू येत नाही. मी काठी उचलली नाही म्हणून असेल, पळाला नाही. बसलाही नाही. नुसता थांबला होता, मी जातो कधी ते बघत.

मागून पावलं वाजली. चुलतभाऊ होता, बरोबर तिघं, फावडी घेऊन. लांडगा चढाच्या पलीकडं गेला.

"मला वाटलंच तुमी हिकडं येसाल, दादा," तो म्हणाला. रडून त्याचेही डोळे सुजले होते, वहिनीनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. "चला, टाकू बुजवून. वहिनी गेली, वरून ह्यानं शेळी बी नेली. आज सोडायचाच न्हाई." असं म्हणत त्यानं वाकून तांबडीचे पुढचे पाय धरले, माझ्या खांद्यावर द्यायला.

"ठेव खाली."

"काहून?"

"ठेव म्हणलं ना. खाऊ दे त्याला."

"दादा, तुमी घरी चला. तुमचं डोकं ठिकाणावर न्हाई."

"डोकं बराबर हाय. ही न्हेली तर तो आणखी एक मारंल. आपण तीनदा न्हेली, त्यानं तीनदा मारली. मोजून बघ."

"अन् भुयार?"

"राहू दे. चैत्रापर्यंत."

"तुमी चारचौघांत शब्द दिला व्हता."

"दिला व्हता. मोडला म्हणून सांग पारावर. वहिनीनं न्हाई म्हणलं म्हणून सांग."

तिघांपैकी एक जण पुटपुटला, म्हाताऱ्याला लागलंय, आज बोलू नका. फावडी खांद्यावर टाकून ते गेले. चुलतभाऊ दोनदा मागं वळला. गावात त्यानं सगळ्यांना सांगितलं की दादानं वहिनीच्या शेवटच्या इच्छेसाठी केलं. लेकही तेच सांगते. त्यांना बरं वाटतं म्हणून मी गप्प राहतो, पण ते तसं नाही. ती जिवंत असती तर आदल्या सकाळी मी भुयार बुजवलंच असतं. ती वर बसली असती तर दंडाला धरून बाजूला केली असती, अन् दुसरं तोंडही शोधून काढलं असतं. मला भुयाराचं काही नव्हतं, मला तिच्यापुढं हरायचं नव्हतं. आता समोर कुणी नव्हतं. नुसती शेळी मेलेली होती, अन् तिचं काय करायचं ते मला त्या पोरीनं विचारलेलं होतं.

ते गेले तसा मीही निघालो होतो. चार पावलं गेलो तर गावातली दोन कुत्री वास काढत आली. त्यांना हाकललं. वळलो तर पुन्हा आली. म्हणून मग मी जरा लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, माझा वास लांडग्याला जाऊ नये असा, एका दगडावर जाऊन बसलो. कुत्री आली की दगड मारायचा, गेली की पुन्हा बसायचं. असं तीन-चारदा झालं. चांगलं ऊन पडल्यावर कुत्री कंटाळून गावाकडं गेली. मग मीही उठलो. आदल्या दिवसापासून शेळ्या पिळायच्या राहिल्या होत्या.